किती वाचायचं ते नंतर, आधी कधी वाचायचं ते ठरवा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी कशाचं उत्तर देते आहे ते स्पष्ट राहील. गेल्या जानेवारीत तुम्ही वर्षभरात 52 पुस्तकं वाचायची असं ठरवलंत. एप्रिलअखेर 17 झाली, म्हणजे अगदी ठरल्याबरहुकूम. मे-जूनमध्ये ऑफिसचं काम अंगावर आलं, जुलैच्या मध्यापर्यंत जेमतेम 21 झाली आणि त्यानंतर डिसेंबरपर्यंत एकही नाही. बाविसावं पुस्तक म्हणजे 640 पानांचा इतिहासग्रंथ. तो 112 व्या पानावर वाचनखूण घालून तसाच पडून आहे. आता येत्या वर्षासाठी 30 ठरवू, 40 ठरवू की काहीच ठरवू नको, असं तुम्ही विचारता आहात. शिवाय ऑडिओबुकं आणि पुन्हा वाचलेली पुस्तकं मोजायची का, हाही प्रश्न आहे.

मी 26 वर्षं ग्रंथपाल म्हणून काम केलं, त्यातला बराच काळ देवघेवीच्या टेबलामागे. जानेवारीत पुस्तकं न्यायला आलेल्यांची रांग आणि जूनमध्ये मुदत वाढवून मागणाऱ्यांची रांग, दोन्हींत बहुतेक चेहरे तेच असायचे. त्यामुळे तुमची हकिगत वाचून नवल वाटलं नाही. एक गोष्ट मात्र खटकली. तुम्ही स्वतःच्या वर्षाला ‘पूर्ण फसलेलं’ म्हटलं आहे. ते तसं नाही, आणि हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही. हिशेबच तसा आहे.

तुमची पुस्तकं दीडशे ते दोनशे पानांची होती असं तुम्ही लिहिलंय. सरासरी 175 धरू. 21 पुस्तकांची झाली 3,675 पानं. ती 365 दिवसांवर पसरली तर रोज दहा पानं पडतात, आणि त्यात पाच-साडेपाच महिने पूर्ण कोरडे गेले आहेत. आता 52 चा हिशेब करा. 9,100 पानं, म्हणजे रोज 25. एका पानाला दोन मिनिटं धरली तर रोज पन्नास मिनिटं, एकही दिवस न चुकवता. ‘वर्षभर रोज पन्नास मिनिटं बाजूला काढाल का?’ असं कुणी गेल्या डिसेंबरात विचारलं असतं तर तुम्ही आधी दिनक्रम डोळ्यांपुढे आणला असता आणि नकारार्थी मान हलवली असती. ‘आठवड्याला एक पुस्तक’ म्हटलं की तो दिनक्रम दिसतच नाही. ऐकायला किती माफक वाटतं ते.

चार महिने तुम्ही त्याच वेगाने वाचलंत हे खरं तर थक्क करणारं आहे. पण थांबलात का, ते नीट बघायला हवं. पुस्तकांच्या आकड्याची खोड अशी की मागे पडलात की त्याची उधारी होते. जुलैच्या मध्याला 28 व्हायला हवी होती, झाली 21. उरलेल्या साडेपाच महिन्यांत 31 वाचायची म्हणजे रोजची पानं 25 वरून 32 वर जातात. ज्या काळात वेळ कमी झाला, नेमक्या त्याच काळात मागणी वाढली. मग माणूस म्हणतो, नाहीतरी होणार नाहीच, कशाला वाचायचं? पाच महिने तुमच्याकडे रोज पंधरा मिनिटंही नव्हती असं मला वाटत नाही. ती मिनिटं होती, पण त्यांत जे वाचून झालं असतं ते त्या आकड्यापुढे शून्य वाटत होतं.

दुसरं नुकसान निवडीचं. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने 1975 मध्ये चलनधोरणाबद्दल एक निरीक्षण मांडलं. त्याचा मथितार्थ असा की एखादं मोजमाप नियंत्रणासाठी वापरायला लागलं की ते मोजमाप भरवशाचं राहत नाही. पुस्तकांच्या आकड्याला हे तंतोतंत लागू पडतं. नव्वद पानांचं पुस्तकही एक आणि 640 पानांचंही एकच. तुम्ही स्वतःच कबूल केलंय की मार्च-एप्रिलमध्ये मुद्दाम बारीक पुस्तकं उचललीत आणि त्यातल्या निम्म्यांत काय होतं ते आज आठवत नाही. ग्रंथालयात डिसेंबर जवळ आला की काही वाचक टेबलाशी येऊन हळूच विचारायचे, ‘याच लेखकाचं याहून लहान काही आहे का?’ मी देत असे. वाचकाला नाही म्हणायचं नाही, हा माझा नेम. पण ते पुस्तक बहुधा दोन दिवसांत परत यायचं, आणि परत करणारा ‘छान होतं’ म्हणून घाईघाईने पुढचं मागायचा.

म्हणजे आकडा अगदीच टाकाऊ आहे का? नाही. ज्याचं वाचन दहा वर्षं बंद पडलंय त्याला ‘वर्षभरात सहा पुस्तकं’ हा आकडा चांगला धक्का देतो. दोन महिन्यांत एक, उधारी झाली तरी फिटते. वाचलेल्याची नोंद ठेवायलाही माझा पूर्ण पाठिंबा आहे. तुमची अडचण वेगळी आहे. तुम्हाला वाचनाची सवय आहेच, तेव्हा तुम्हाला ढकलणारं काही नको, टिकवून धरणारं हवं.

आता तयारी. एक जानेवारीच्या आधी एक छोटं काम करा, स्वतःचा वेग मोजा. तीन वेगवेगळ्या प्रकारची पुस्तकं घ्या: एक कादंबरी, एक साधं माहितीपर आणि एक जड. तीन वेगळ्या दिवशी प्रत्येकी वीस मिनिटं, नेहमी वाचता तसं वाचा आणि पानं मोजा. परीक्षा असल्यासारखे धावू नका, नाहीतर आकडा खोटा येईल. मार्क ब्रिसबार्ट या संशोधकाने 2019 मध्ये 190 अभ्यास एकत्र करून इंग्रजी वाचनाची सरासरी काढली. माहितीपर मजकुराला मिनिटाला 238 शब्द, कथात्मक मजकुराला 260. लोकांना वाटतं त्यापेक्षा हा वेग बराच कमी आहे. पण हे आकडे मराठीला जसेच्या तसे लावू नका. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. ‘घरासमोरच्यांनाही’ हा आपल्याकडे एकच शब्द, इंग्रजीत त्याचे पाच-सहा होतील. म्हणून शब्द मोजूच नका, पानं मोजा, आणि तुमचीच मोजा.

वेग वाढवायचे वर्ग असतात, त्यांच्याबद्दल लोक नेहमी विचारतात. त्यात पैसे घालू नका. कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये या विषयावरच्या संशोधनाचा सविस्तर आढावा घेतला. वेग आणि समज यांची अदलाबदल होते, एक वाढवलं की दुसरं घटतं, हा त्याचा निष्कर्ष. चाळणं हे उपयोगी कौशल्य आहे, पण त्याला चाळणंच म्हणावं. खरा वेग वाढतो तो त्या विषयाचे शब्द आणि संदर्भ ओळखीचे झाल्यावर. त्याकडे पुढे येते.

वेग कळला की लक्ष्य पुस्तकांत लिहू नका, बैठकींत लिहा. एक बैठक वीस मिनिटांची. आठवड्याला पाच. वर्षाचे 52 आठवडे म्हणजे 260 बैठका. आजारपण, प्रवास, पाहुणे, ऑफिसचा मे-जून, या सगळ्यासाठी वीस वजा करा. राहिल्या 240. तुमच्या कामाच्या ताणाकडे बघता वीस ही सूट कमी वाटत असेल तर चाळीस वजा करा आणि 220 धरा, पण ती सूट आत्ताच द्या. ऐनवेळी घेतलेली सूट चोरीसारखी वाटते, आधी ठरवलेली तशी वाटत नाही.

240 बैठका, बैठकीला दहा पानं, म्हणजे 2,400 पानं. 175 च्या हिशेबाने जेमतेम 14 पुस्तकं. हा आकडा तुमच्या ‘फसलेल्या’ 21 पेक्षाही कमी आहे हे तुमच्या लक्षात आलंच असेल, आणि इथेच बरेच जण माझ्यावर नाराज होतात. पण ही जमीन आहे, छप्पर नव्हे. वाईटातल्या वाईट वर्षातही याच्या खाली जायचं नाही एवढाच तिचा अर्थ. चांगल्या आठवड्यात पुस्तक रंगलं तर वीस मिनिटांचे दोन तास होतातच, त्याला कुणी अडवलेलं नाही. मात्र ते जास्तीचे दोन तास पुढच्या आठवड्याच्या खात्यावर जमा करायचे नाहीत. उधारीही नको आणि शिल्लकही नको. प्रत्येक सोमवारी पाटी कोरी.

बैठक कधी? ‘वेळ मिळेल तेव्हा’ हे उत्तर मी खोडून काढायची. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने 1999 मध्ये एक साधी गोष्ट मांडली: नुसता निश्चय करण्यापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं ठरवलं तर ते हातून घडण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून वेळ घड्याळाला न बांधता एखाद्या कृतीला बांधा. रात्रीची भांडी आवरली की. मुलाला शाळेत सोडून आले की. गाडीत बसायला जागा मिळाली की. ‘रात्री साडेनऊला’ असं ठरवलं आणि जेवणच दहाला झालं तर बैठक बुडते. ‘आवरलं की’ म्हटलं तर ती नुसती सरकते. जागाही ठरवा आणि पुस्तक त्या जागीच राहू द्या. फोन दुसऱ्या खोलीत. याबाबतीत मी हट्टी आहे, कारण फोन पालथा ठेवून वाचणारे लोक मी वाचनकक्षात वर्षानुवर्षं पाहिले आहेत. दर चार मिनिटांनी हात आपोआप जातो.

सवय लागायला 21 दिवस लागतात ही समजूत डोक्यातून काढून टाका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 स्वयंसेवकांवर अभ्यास केला, तो 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. खाणं, पिणं, व्यायाम अशा रोजच्या गोष्टींची सवय अंगवळणी पडायला त्यांच्या हिशेबाने कुणाला 18 दिवस लागले तर कुणाला 254. मधला आकडा 66. आणि माझ्या दृष्टीने त्यातली जास्त महत्त्वाची गोष्ट अशी की मधे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्याच्या प्रक्रियेत फारसा फरक पडला नाही. हा अभ्यास वाचनावरचा नाही, पण दोन गोष्टी त्यातून घ्याव्यात. मार्चपर्यंत वाचायला बसणं जड वाटलं तर तुमच्यात काही खोट आहे असं समजू नका. आणि साखळी तुटू न देण्याचा जो खेळ अनेक अ‍ॅप खेळवतात त्याला भुलू नका. तुमच्यासारख्या माणसाची शंभर दिवसांची साखळी तुटली की पुन्हा जुलै होतो.

इतका वेळ ‘कधी’वर बोलले. ‘काय’ हा भाग खरा मजेचा आहे, आणि वार्षिक संकल्पांत तोच सगळ्यात कच्चा राहतो. लोक यादी करतात. चाळीस नावांची, ऐकीव, बक्षीसपात्र, ‘वाचायलाच हवीत अशी’. अशी यादी जानेवारीत दागिन्यासारखी दिसते आणि मार्चमध्ये गृहपाठासारखी. यादीऐवजी प्रश्न घ्या. वर्षाला एक, फार तर दोन.

प्रश्न म्हणजे विषय नव्हे. ‘यंदा इतिहास वाचणार’ हा विषय झाला, त्याला ना सुरुवात ना शेवट. ‘मोठी साथ आली तेव्हा माणसं एकमेकांशी कशी वागली?’ हा प्रश्न झाला. तो तुम्हाला इतिहासात नेईल, वैद्यकात नेईल, एखाद्या डॉक्टरच्या आठवणींकडे आणि एखाद्या कादंबरीकडेही नेईल. ‘माणसं म्हातारपण कसं घालवतात?’ हाही प्रश्न आहे. ‘माझ्या हातातला फोन कुठून कुठून तयार होऊन येतो?’ हाही. प्रश्न तुम्हाला खरोखर पडलेला हवा. कुणापुढे मिरवायचा असेल तर तो मेपर्यंतही टिकत नाही. ओळखण्याची माझी जुनी खूण अशी: जेवताना घरच्यांशी त्याबद्दल आपण होऊन बोललात का? बोलला असाल तर तो तुमचा प्रश्न.

एका प्रश्नाभोवती चार पुस्तकं पुरेत, पण क्रम महत्त्वाचा. आधी एक लहान, ओळख करून देणारं. मग एक जाड, त्या विषयात मुरलेल्या माणसाचं. तिसरं, दुसऱ्या पुस्तकाशी न पटणाऱ्या माणसाचं, आणि हेच लोक गाळतात. चौथं कथा-कादंबरी, पत्रं किंवा आत्मकथन. तिसऱ्या पुस्तकाला तुमचा वेग वाढलेला दिसेल, कारण माणसं, ठिकाणं, शब्द, वाद सगळं ओळखीचं झालेलं असतं. वेग वाढवण्याचा मघाशी म्हटलेला मार्ग तो हाच. शिवाय दुसरं पुस्तक तिसऱ्यामुळे नव्याने समजतं. सुट्या वीस पुस्तकांतून हे मिळत नाही. तुम्हाला एप्रिलची पुस्तकं आठवत नाहीत त्यामागे घाई आहेच, पण ती एकमेकांना कुठेच चिकटत नव्हती हेही आहे.

ही पुस्तकं शोधायला ग्रंथालयात जा आणि सूचीपेक्षा कपाटापुढे उभ्या राहा. वर्गीकरणाने एका विषयाची पुस्तकं शेजारी शेजारी येतात. जे शोधायला गेलात त्याच्या डावी-उजवीकडची चार पुस्तकं बघा, अनुक्रमणिका वाचा, मधलं एखादं पान वाचा. मलपृष्ठावर विसंबू नका, तिथे वाईट असं काही लिहिलेलंच नसतं.

वर्षाच्या वाचनातला साधारण तिसरा हिस्सा असा ठरवलेला असू द्या. बाकीचं मोकळं ठेवा. कुणी हातात दिलेलं, ऐन दुपारी उगाच उचललेलं, रहस्यकथा, काहीही. सगळं ठरवून वाचणारे वाचक मी पाहिले आहेत, त्यांचं वाचन नोकरीसारखं दिसतं. खंडागणिक एक, दशकागणिक एक असे चौकटी भरण्याचे खेळ असतात, तेही मोकळ्या हिश्श्यात घाला. गंमत म्हणून ठीक आहेत. मला स्वतःला त्यातून एखाद-दुसरा भाषांतरित लेखक चांगला मिळाला आहे, पण बहुतेक वेळा पुस्तकापेक्षा चौकटच महत्त्वाची होऊन बसते. दोन-तीन भाषा वाचता येत असतील तर ऑफिसच्या कामात जी भाषा येत नाही तिच्यासाठी मोकळ्यातली थोडी जागा राखा. न वापरलेल्या भाषेतला वेग फार लवकर घसरतो.

आता सोडून देण्याबद्दल. वर्षाचं लक्ष्य ठेवणाऱ्याला पुस्तक सोडता यायलाच हवं, नाहीतर एका नावडत्या पुस्तकात दोन महिने जातात आणि ते पुस्तक तर नाहीच होत, दुसरंही हाती घेतलं जात नाही. नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपालबाईंचा नियम आमच्या व्यवसायात प्रसिद्ध आहे: पन्नास पानं वाचा, नाही आवडलं तर सोडा, आणि वय पन्नाशीच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करून येतील तेवढीच पानं वाचा. म्हणजे सत्तर वर्षांच्या माणसाला तीस. वय वाढेल तशी सवलत वाढते, कारण वेळ कमी उरतो. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले त्यातला चौथा ‘वाचकाचा वेळ वाचवा’ असा आहे. तो खरं तर ग्रंथालयासाठी आहे, पण वाचकानेही स्वतःला लावून घ्यायला हरकत नाही.

फक्त सोडताना एक फरक करा. पुस्तक कंटाळवाणं आहे, की अवघड आहे, की चुकीच्या वेळी हाती आलंय? कंटाळवाणं असेल तर खुशाल सोडा, अपराधी वाटून घेऊ नका. अवघड असेल तर बैठकीतली पानं निम्मी करा आणि पुढे चला. पाच पानांची बैठकही बैठकच. वेळ चुकलेली असेल तर वाचनखुणेवर तारीख आणि एका ओळीत कारण लिहून ते परत कपाटात ठेवा. ‘दगदग फार होती, यात नावं फार आहेत’ एवढं पुरतं. दोन वर्षांनी ती ओळ वाचली की पुस्तक घ्यायचं की नाही ते पटकन कळतं. मी हे सुरू केलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझी निम्मीअधिक अर्धवट पुस्तकं याच तिसऱ्या गटातली होती.

लक्षात राहण्याबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण मला वाटतं तीच तुमची खरी खंत आहे. अनेक वर्षं मी आवडलेली वाक्यं वहीत उतरवून काढत असे. सुंदर अक्षरात, लाल शाईने पानांचे क्रमांक टाकून. अशा सहा वह्या झाल्या, आणि त्यातली एकही मी पुन्हा उघडली नाही. उतरवण्यात हात चालतो, डोकं झोपलेलं असतं. नंतर पद्धत बदलली. बैठक संपली की पुस्तक मिटायचं आणि न बघता दोन-तीन ओळी लिहायच्या: काय म्हणाला, मला काय पटलं नाही. रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं. मजकूर पुन्हा पुन्हा वाचलेल्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं, पण आठवड्याने मात्र पुस्तक मिटून आठवून काढणारे पुढे गेले. पुन्हा वाचताना ‘हे मला येतंय’ असं वाटतं, तो बहुतेक वेळा भास असतो. दोन ओळी आठवून लिहायला तीन मिनिटं लागतात. ती वीसमधलीच धरा, वेगळी काढू नका, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात बंद पडेल.

कथा-कादंबरीला मी हे करत नाही, करूही नका. तिथे एखादं पात्र मनात राहिलं तर राहिलं.

आढाव्याच्या तारखा आत्ताच कॅलेंडरात घाला: मार्चअखेर, जूनअखेर, सप्टेंबरअखेर. त्या दिवशी पुस्तकं मोजायची नाहीत. दोनच गोष्टी बघायच्या. बैठका ठरल्यापेक्षा फार कमी पडल्या का? पडल्या असतील तर वेळ ज्या कृतीला बांधली ती चुकली आहे, ती बदला. आणि प्रश्न अजून जिवंत आहे का? मेला असेल तर नवा घ्या, कुणी विचारणार नाही. लक्ष्य बदलण्याचा दिवस आधीच ठरलेला असला की बदलणं म्हणजे हार वाटत नाही. गेल्या वर्षी जूनअखेर तुम्ही 52 चे 32 केले असते तर वाचन थांबलं नसतं, असं मला ठामपणे वाटतं.

आता तुमचे किरकोळ प्रश्न. ऑडिओबुक धरा, वीस मिनिटं ऐकलं की बैठक झाली. फक्त ज्या पुस्तकात मागे जाऊन पुन्हा बघावं लागतं ते कानाने घेऊ नका. पुन्हा वाचलेलं अर्थातच धरा. पुस्तकं मोजायची नसली की हा प्रश्नच उरत नाही, बैठकीला पुस्तक नवं की जुनं हे कळत नाही. पडदा की कागद? 2018 मध्ये डेलगाडो आणि सहकाऱ्यांनी 54 अभ्यास एकत्र केले. माहितीपर मजकूर कागदावर थोडा जास्त समजतो, आणि वेळेचं बंधन असेल तर हा फरक वाढतो. निव्वळ कथात्मक मजकुरात फरक आढळला नाही. तेव्हा प्रश्नाचं जाड पुस्तक शक्य तर छापील घ्या, कादंबरी मोबाइलवर वाचलीत तरी चालेल. अट तीच, त्या वीस मिनिटांत त्यावर संदेश येता कामा नयेत. घरात न वाचलेल्या पुस्तकांचा ढीग आहे म्हणून नवं आणायचं नाही अशी शपथ मात्र घेऊ नका. जपानीत अशा ढिगाला ‘त्सुंदोकू’ असा स्वतंत्र शब्दच आहे, म्हणजे ही खोड तुमची एकट्याची नाही.

राहिलं ते बाविसावं पुस्तक. तुम्ही लिहिलंय की ते वाचायची इच्छा कित्येक वर्षांची होती, आणि वाचायला घेतल्यावर ‘आकडा पुढे सरकेना’ म्हणून बाजूला ठेवलंत. माझ्या मते येत्या वर्षाची सुरुवात त्यानेच करा आणि त्यातून निघेल तोच वर्षाचा प्रश्न ठेवा. 528 पानं उरली आहेत. जड मजकूर आहे, पानाला तीन मिनिटं धरा, म्हणजे बैठकीला साडेसहा पानं. साधारण 81 बैठका, आठवड्याला पाच म्हणजे सोळा-सतरा आठवडे. एप्रिलअखेर संपेल. चार महिन्यांत एक पुस्तक! गेल्या वर्षी तेवढ्या वेळात तुमची 17 झाली होती, तेव्हा मार्चच्या आसपास हात चुळबुळेल. म्हणून अधूनमधून शनिवार-रविवारी मोकळ्या हिश्श्यातलं एखादं हलकं पुस्तक जोडीला असू द्या, पण पाच बैठका याच्याच.

आणि पहिल्या दिवशी सरळ 112 व्या पानावर जाऊ नका. मधे साडेपाच महिने गेले आहेत, तिथे उतरलात तर कोण कुणाचा कोण ते कळणार नाही आणि पुस्तक पुन्हा मिटेल. पहिल्या बैठकीत फक्त अनुक्रमणिका आणि प्रस्तावना. दुसऱ्या आणि तिसऱ्या बैठकीत झालेल्या प्रकरणांची पहिली दोन आणि शेवटची दोन पानं, आणि एका कागदावर माणसांची नावं नात्यांसकट. तो कागद वाचनखूण म्हणून आतच ठेवा. चौथ्या बैठकीला ज्या प्रकरणात थांबलात त्याच्या पहिल्या पानापासून वाचायला लागा.